पृथ्वीगोलावरचे अस्वल

पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत युरोपातल्या कुठल्याही मोठ्या शहरात चित्रपट पाहणाऱ्या माणसाला पृथ्वीच्या गोलावर उभे असलेले पांढरे अस्वल ओळखीचे होते. नॉर्डिस्क फिल्म्स या डॅनिश कंपनीचे ते बोधचिन्ह. ज्या देशाची लोकसंख्या त्या वेळी पुरती तीस लाखसुद्धा नव्हती, त्या देशातली ही कंपनी पाते आणि गोमाँ या फ्रेंच कंपन्यांच्या पंक्तीला बसत होती. तिची न्यूयॉर्कमधली शाखा १९०८ मध्येच सुरू झाली होती, बर्लिन आणि लंडनमध्ये तिची कार्यालये होती. भरभराटीच्या काळात तिने वर्षाला शंभराहून अधिक कथापट काढले. १९२० च्या दशकात ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आणि १९२८ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले.

या पडझडीचे कारण विचारले की महायुद्धाकडे बोट दाखवले जाते. क्वचित कोणी बोलपटालाही दोष देतो: मूकपटाला भाषेची अडचण नव्हती, आवाज आला आणि छोट्या भाषांचा सिनेमा संपला. हे दुसरे कारण तर तारखांवरच टिकत नाही. डॅनिश सिनेमा बोलपट येण्याआधी निदान दहा वर्षे उताराला लागलेला होता. पहिले कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. युद्धाने जो घाव घातला तो इतका खोल का गेला, याचे उत्तर युद्धाच्या आधीच्या वर्षांत आहे. नफा चढता होता, भागधारक खूश होते, जगभरून मागणी येत होती, तेव्हा घेतलेले काही निर्णय त्या वेळी शहाणपणाचे वाटले. त्यातला एकेक निर्णय आजही, अगदी तसाच, चित्रपट काढणाऱ्या छोट्या भाषांमध्ये घेतला जात आहे. म्हणून ही जुनी हकिगत नीट उलगडून पाहणे मला निकडीचे वाटते.

कंपनीचा संस्थापक ओले ओल्सेन हा जत्रेतून वर आलेला माणूस. १८६३ मध्ये गरीब घरात जन्मलेला, खेळ दाखवत गावोगाव फिरलेला, स्वीडनमधल्या माल्मो शहरात करमणुकीची बाग चालवलेला. १९०५ मध्ये त्याने कोपनहेगनमध्ये चित्रपटगृह उघडले आणि ६ नोव्हेंबर १९०६ रोजी नॉर्डिस्कची स्थापना केली. व्हॅल्बी या उपनगरात स्टुडिओ उभारला. लोकांना काय पाहायला आवडते याची त्याला विलक्षण जाण होती, आणि त्याची पहिली मोठी कमाई कशातून झाली हे पाहिले की त्या जाणिवेची दुसरी बाजूही दिसते. १९०७ मध्ये त्याने 'सिंहाची शिकार' हा लघुपट काढला. दोन म्हातारे सिंह विकत घेतले, रोस्किल्डे खाडीतल्या एका छोट्या बेटावर सोडले आणि कॅमेऱ्यासमोर गोळ्या घालून मारले. उत्तरेकडचे ते बेट आफ्रिकेचे जंगल म्हणून दाखवले गेले. डेन्मार्कच्या न्यायमंत्र्यांनी चित्रपटावर बंदी आणली, तेव्हा ओल्सेनने तो शेजारच्या स्वीडनमध्ये दाखवला. देशोदेशी त्याच्या अडीचशेच्या वर प्रती विकल्या गेल्या. त्या जनावरांच्या मरणाचे मला आजही वाईट वाटते, पण इथे मुद्दा वेगळा आहे. घरच्या सरकारने दार लावले तरी काही बिघडत नाही, गिऱ्हाईक बाहेर आहे, हा धडा कंपनीला पहिल्याच वर्षी मिळाला. पुढची दहा वर्षे ती याच धड्यावर चालली.

१९१० हे साल डॅनिश सिनेमाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे. तोवर चित्रपट म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा खेळ असे. ऑर्हुस शहरातल्या फोटोरामा या छोट्या कंपनीने 'गोऱ्या गुलामांचा व्यापार' नावाचा अर्ध्या तासाहून लांब चित्रपट काढला. फसवून परदेशी नेलेल्या मुलीची ही कथा लोकांनी उचलून धरली. नॉर्डिस्कने काही महिन्यांतच तोच विषय, तेच नाव आणि जवळजवळ तीच दृश्ये घेऊन स्वतःचा चित्रपट बाजारात आणला. आउगुस्ट ब्लोमने तो दिग्दर्शित केला होता. तो आज पाहायला मिळतो. फोटोरामाचा मूळ चित्रपट मिळत नाही. लांब कथापटाचा मार्ग खुला झाला, त्यातून युरोपभर नवे काही घडले, आणि त्याचा फायदा ज्यांनी ते पहिल्यांदा करून दाखवले त्यांना फारसा झाला नाही.

त्याच वर्षी १२ सप्टेंबरला कोपनहेगनच्या कोस्मोरामा चित्रपटगृहात 'अफग्रुन्डेन' म्हणजे 'खोल दरी' प्रदर्शित झाला. या चित्रपटाजवळ थोडे थांबले पाहिजे. दिग्दर्शक उर्बान गॅड, नायिका आस्टा निल्सेन. ती रंगभूमीवरची नटी, पण मनाजोग्या भूमिका मिळत नसलेली. पैसे एका चित्रपटगृहाच्या चालकाने घातले, तेही अगदी बेताचे. पियानो शिकवणारी माग्दा ट्रामच्या थांब्यावर एका धर्मोपदेशकाच्या मुलाला भेटते, त्याच्याशी तिचे लग्न ठरते, आणि मग ती सर्कशीतल्या एका घोडेस्वाराबरोबर पळून जाते. सुरुवातीची दृश्ये कोपनहेगनच्या खऱ्या रस्त्यावर, खऱ्या ट्रामसोबत घेतलेली आहेत.

चित्रपट ज्या दृश्यासाठी ओळखला जातो ते म्हणजे रंगमंचावरचे गाउचो नृत्य. माग्दा त्या घोडेस्वाराला दोराने बांधते आणि त्याच्याभोवती, त्याला घासून नाचते. पण मला त्याहून मोठे वाटते ते शेवटचे दृश्य. तिच्या हातून खून झालेला आहे. पोलीस तिला घेऊन बाहेर येतात. त्या काळच्या नटीने अशा वेळी छाती पिटली असती, डोळे फिरवले असते. आस्टा निल्सेन काहीच करत नाही. चेहरा जवळजवळ कोरा, पावले जड, आजूबाजूला माणसे जमली आहेत याचे तिला भान नाही. पडद्यावरच्या अभिनयाला नाटकातल्या हातवाऱ्यांची गरज नाही, कॅमेरा इतका जवळ असतो की आवरून धरलेले दुःख जास्त दिसते, हे या स्त्रीने चित्रपटात पहिल्यांदाच काम करताना ओळखले. चित्रपट-अभिनयाच्या इतिहासात इतकी मोठी उडी एकाच कामात घेतलेली उदाहरणे फार थोडी आहेत.

नॉर्डिस्कने या स्त्रीचे काय केले? १९११ मध्ये तिला घेऊन एक चित्रपट काढला, 'बॅले नर्तिका'. त्या वेळी तेवढेच. त्याच वर्षी जर्मन निर्माता पॉल डेव्हिडसनने निल्सेन आणि गॅड यांच्याशी सलग अनेक चित्रपटांचा करार केला, आणि दोघे बर्लिनला गेले. पुढे आस्टा निल्सेन युरोपभर गाजली. तिने सत्तरहून अधिक चित्रपटांत काम केले. त्यांतले डेन्मार्कमध्ये झालेले फक्त चार.

एकटी आस्टा गेली असती तर तो योगायोग मानता आला असता. पण नॉर्डिस्कचा सुरुवातीचा प्रमुख दिग्दर्शक व्हिगो लार्सेन, ज्याने 'सिंहाची शिकार' केली आणि शेरलॉक होम्सच्या कथांवर चित्रपट काढले, तो १९१० च्या सुमारास जर्मनीला गेला. 'प्रागचा विद्यार्थी' हा १९१३ चा चित्रपट जर्मन भयपटांच्या परंपरेचा आरंभ मानला जातो. त्याचा दिग्दर्शक स्टेलान री हा डॅनिशच. बेन्यामिन क्रिस्टेन्सनने 'गूढ क्ष' (१९१४) आणि 'सूडाची रात्र' (१९१६) हे दोन चित्रपट नॉर्डिस्कच्या बाहेर राहून, स्वतःच्या हिमतीवर केले. अंधाऱ्या खोलीत दिवा लागताच भिंती उजळाव्यात, उघड्या दारातून येणाऱ्या प्रकाशात माणसाची फक्त काळी आकृती दिसावी, अशी प्रकाशयोजना त्या काळात जगात फार थोड्यांनी केली होती. त्याच्या 'हेक्सन' या चेटकिणींवरच्या अचाट चित्रपटाला पैसा मिळाला तो स्वीडनमधून. चित्रीकरण कोपनहेगनच्या जवळच झाले, पण १९२२ साली तो प्रथम झळकला स्टॉकहोममध्ये. मग क्रिस्टेन्सन जर्मनीला, तिथून हॉलिवूडला गेला.

ही माणसे पैशाच्या लोभाने गेली असे म्हणून हात झटकता येत नाहीत. काही अंशी पैसा होताच. पण नॉर्डिस्कला माणसे हवी होती ती कारखान्याला कामगार लागतात तशी. दिग्दर्शक महिन्याला ठरलेले काम उरकून देणारा असावा, वेगळा हट्ट धरणारा नसावा. वाल्डेमार सिलांडर हा तिचा सर्वांत मोठा नट. रशियापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत बायका त्याच्यावर भाळलेल्या होत्या. १९१६ च्या अखेरीस त्याने कंपनी सोडली, आणि मार्च १९१७ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याचे न दाखवलेले चित्रपट कंपनीकडे पडून होते. ते तिने पुढे एकेक करून बाजारात आणले. 'विदूषक' हा त्याचा बहुधा सर्वोत्तम चित्रपट त्याच्या मरणानंतर लोकांनी पाहिला.

आता त्या कारखान्याच्या नियमांकडे येतो, कारण माझ्या मते साऱ्या हकिगतीचे मूळ तिथे आहे. नॉर्डिस्कने कथा पाठवणाऱ्या लेखकांसाठी सूचना तयार केल्या होत्या. कंपनीची कागदपत्रे, करार आणि पत्रव्यवहार आज डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेला आहे, त्यामुळे इतिहासकारांना कंपनीच्या आतले व्यवहार पाहता आले. त्या सूचनांचा आशय असा: कथा आजच्या काळात घडावी, आणि ती वरच्या वर्गात घडावी. गोरगरिबांच्या, शेतकऱ्यांच्या कथा विकल्या जात नाहीत. ऐतिहासिक आणि राष्ट्रीय विषय नकोत. राजघराणी, सरकार, धर्मोपदेशक, लष्करी अधिकारी यांच्याविषयी वावगे काही नको. अराजकवाद वगैरे तर नकोच नको.

शांतपणे वाचले तर यातली प्रत्येक अट व्यापाराच्या दृष्टीने योग्य वाटते. रशियाच्या झारच्या राज्यात आणि जर्मनीच्या कैसरच्या राज्यात चित्रपट विकायचा तर अधिकाऱ्यांना दुखवून चालत नाही. डॅनिश शेतकरी बुडापेस्टच्या प्रेक्षकाला कशाला हवा? काउंट, बँकर, सर्कशीतली सुंदरी, मोटारगाडी, दिवाणखाना, फसलेले प्रेम हे कुठेही चालते. एका अर्थी नॉर्डिस्कने असा देश शोधून काढला होता जो नकाशावर कुठेच नाही, आणि म्हणून तो सगळ्यांना आपला वाटू शकत होता. कंपनीची कमाई त्याच देशातून होत होती.

ही वृत्ती किती टोकाला गेली ते 'अटलांटिस' मध्ये दिसते. गेरहार्ट हाउप्टमान या नोबेल पारितोषिक मिळालेल्या जर्मन लेखकाच्या कादंबरीवर ब्लोमने हा चित्रपट केला. १९१३ च्या डिसेंबरमध्ये तो आला. समुद्रात बुडणाऱ्या जहाजाचे त्यातले दृश्य भव्य आहे. टायटॅनिक बुडून दोन वर्षेही झाली नव्हती, आणि नॉर्वेत चित्रपटावर बंदी आली. त्या काळातला हा फार मोठा खर्चिक चित्रपट, आणि ब्लोमच्या हाताचे कसब त्यात पदोपदी दिसते. तरीही त्याचे दोन शेवट करण्यात आले: बहुतेक देशांसाठी सुखान्त आणि रशियासाठी दुःखान्त. रशियन प्रेक्षकाला शोकान्त आवडतो असा हिशेब होता, आणि इतरही चित्रपटांना असे खास रशियन शेवट जोडले जात. नायकाने जगावे की मरावे हे कथेवर अवलंबून राहिले नाही. ते प्रत कुठल्या स्टेशनला रवाना होणार यावर ठरू लागले. कारागिरीचा असा अपमान होत असताना कंपनीतल्या कुणाला त्रास झाला असेल का? झाला असावा असे मला वाटते. हुशार माणसे सोडून जाण्याचे एक कारण मला त्या दुहेरी शेवटांतही दिसते.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले. होल्गर-मॅडसेन या दिग्दर्शकाने बेर्था फॉन सुटनर या शांततावादी लेखिकेच्या कादंबरीवर 'शस्त्रे खाली ठेवा' हा चित्रपट पुरा केला होता. पटकथा कार्ल थिओडोर ड्रायर नावाच्या तरुण पत्रकाराची. त्या वर्षी व्हिएन्नाला भरणाऱ्या शांतता परिषदेत तो दाखवायचा होता. सुटनर जूनमध्येच वारल्या, आणि परिषद झालीच नाही. उदात्त हेतू आणि बाजाराचा हिशेब या चित्रपटात एकत्र होता. दोन्ही एकाच महिन्यात कोलमडले.

डेन्मार्क युद्धात तटस्थ होता, आणि सुरुवातीला तर नॉर्डिस्कची चांदी झाली. जर्मनीत फ्रेंच चित्रपट बंद झाले, ती पोकळी तिने भरून काढली. इतकेच नव्हे, तिने जर्मनीतली चित्रपटगृहे आणि वितरणव्यवस्था विकत घेतली. ओल्सेनचे हे पाऊल त्या वेळी कुणालाही मुत्सद्दी वाटले असते. पण परक्या देशात इतके मोठे होणे म्हणजे त्या देशाच्या डोळ्यांवर येणे. १९१७ मध्ये जर्मन लष्कराच्या लक्षात आले की चित्रपट हे प्रचाराचे शस्त्र आहे आणि त्या शस्त्राचा मोठा भाग एका डॅनिश कंपनीच्या हातात आहे. डिसेंबर १९१७ मध्ये सरकार, लष्कर आणि बँका यांच्या पाठबळाने 'उफा' ही अवाढव्य कंपनी स्थापन झाली, आणि नॉर्डिस्कची जर्मनीतली मालमत्ता तिच्यात गेली. मोबदल्याचा एक भाग उफाच्या समभागांच्या रूपात मिळाला. पुढे जर्मन मार्क कागदाच्या मोलाचा झाला. त्याच १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. ज्या बाजारपेठेसाठी वेगळे शेवट लिहिले जात होते, ती नाहीशीच झाली.

कोपनहेगनच्या गोदामात तयार चित्रपटांचा साठा पडून राहिला. युद्ध संपेल, मग हे सारे विकू, या आशेवर कंपनी विकता येण्यापेक्षा जास्त चित्रपट काढत राहिली होती. युद्ध संपले तेव्हा युरोपच्या प्रेक्षकाने चार वर्षे मरण पाहिलेले होते. त्याला काउंट आणि दिवाणखाने जुने वाटू लागले होते. शिवाय अमेरिकेचे चित्रपट लाटेसारखे येत होते. वर्गाची, देशाची, काळाची खूण पुसून टाकलेल्या कथा या नव्या प्रेक्षकाला कुठूनही मिळत होत्या, आणि हॉलिवूडकडून जास्त चकचकीत मिळत होत्या. नॉर्डिस्ककडे दुसरे काही नव्हते, कारण दुसरे काही करायचे नाही असे तिनेच लिहून ठेवले होते.

इथे शेजारच्या स्वीडनकडे पाहिले पाहिजे. १९१७ च्या जानेवारीत व्हिक्टर श्योस्ट्रमचा 'तेर्ये व्हिगेन' आला. इब्सेनच्या काव्यावर आधारलेला, उपासमारीच्या काळातल्या एका खलाशाचा. त्यानंतर सेल्मा लागरलोफ या स्वीडिश लेखिकेच्या कथांवरचे चित्रपट आले. समुद्र, बर्फ, शेते, खेडी, धर्मभीरू माणसे. नॉर्डिस्कने जे जे नको म्हणून सांगितले होते नेमके तेच, आणि युरोपने ते डोक्यावर घेतले. काही वर्षांतच 'उत्तरेकडचा सिनेमा' म्हटले की लोक स्वीडनचे नाव घेऊ लागले.

यावर कोणी म्हणेल की स्वीडनचेही पुढे तेच झाले. श्योस्ट्रम १९२३ मध्ये हॉलिवूडला गेला, १९२५ मध्ये तिथला दुसरा मोठा दिग्दर्शक स्टिलर ग्रेटा गार्बोला घेऊन गेला, आणि तो सुवर्णकाळही आटोपला. हा आक्षेप रास्त आहे, आणि आपल्या मातीतले काढले की सिनेमा तगतोच असा भाबडा निष्कर्ष मी काढणार नाही. पैसा, चित्रपटगृहांची मालकी, अमेरिकेची ताकद या गोष्टी खऱ्या आहेत. फरक इतकाच की स्वीडनच्या हाती त्या काळातून असे काही उरले ज्यावर पुढच्या पिढीला उभे राहता आले. दिग्दर्शक इंगमार बर्गमन श्योस्ट्रमला गुरुस्थानी मानत असे, 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' मध्ये त्याने म्हाताऱ्या प्राध्यापकाची भूमिका त्यालाच दिली. नॉर्डिस्कच्या दिवाणखान्यांतून असा धागा पुढे आला नाही.

आणि गरिबांच्या कथा विकल्या जात नाहीत हा नियम तरी खरा होता का? डेन्मार्कमध्येच तो खोटा ठरला. लाउ लाउरिट्सेन हा नॉर्डिस्कमध्ये विनोदी लघुपट करणारा दिग्दर्शक पॅलॅडियम या दुसऱ्या कंपनीत गेला आणि १९२१ पासून त्याने एक लांबुडका आणि एक बुटका अशा दोन भटक्यांची जोडी पडद्यावर आणली. कार्ल शेनस्ट्रम आणि हाराल्ड मॅडसेन. फाटके कपडे, डॅनिश समुद्रकिनारे, गावरस्ते, पोटाची खळगी भरण्यासाठी चाललेली धडपड. ही जोडी युरोपभर गाजली, देशोदेशी त्यांना वेगवेगळी नावे पडली. लॉरेल-हार्डीची जोडी जमण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

याच पॅलॅडियमसाठी ड्रायरने १९२५ मध्ये 'तू आपल्या पत्नीचा आदर कर' हा चित्रपट केला. ड्रायर मुळात नॉर्डिस्कचा पगारी माणूस. कादंबऱ्या वाचणे, पटकथा तपासणे, पडद्यावरच्या पाट्या लिहिणे ही त्याची कामे. दिग्दर्शक झाल्यावर 'सैतानाच्या पोथीतली पाने' या चित्रपटाच्या खर्चावरून त्याचे कंपनीशी बिनसले, आणि मग तो स्वीडन, जर्मनी, नॉर्वे असा देशोदेशी काम शोधत फिरला. पॅलॅडियमचा चित्रपट मात्र एका छोट्या घरातच घडतो. धंदा बुडाल्यामुळे चिडचिडा झालेला नवरा, सगळे निमूट सोसणारी बायको, आणि त्याला वठणीवर आणणारी म्हातारी दाई. सकाळच्या न्याहारीची तयारी चालली आहे. बायको स्वतःच्या पावावरचे लोणी सुरीने खरवडते आणि नवऱ्याच्या पावाला लावते. एकही पाटी नाही. नवऱ्याला ते दिसतही नाही. संसारातल्या अन्यायाबद्दल सांगण्यासारखे सारे त्या सुरीत आले आहे. त्या घरात काउंट नाही, मोटार नाही, सर्कस नाही. पॅरिसमध्ये हा चित्रपट इतका चालला की फ्रान्समधून ड्रायरला बोलावणे आले, आणि त्यातून १९२८ चा 'जोन ऑफ आर्क' जन्माला आला. डॅनिश मध्यमवर्गीय स्वयंपाकघर पॅरिसच्या प्रेक्षकाला परके वाटले नाही.

मराठी वाचकाने ही हकिगत दूरची म्हणून बाजूला ठेवू नये असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे बाजार मोठा करण्याची भाषा आता रोज ऐकू येते. कथा कुठेही घडू शकेल अशी करा, बोलीचा ठसा कमी करा, गाव नको, शहर हवे पण तेही नेमके कुठले ते कळायला नको, कुणाच्या भावना दुखावतील असे काही नको. हे सांगणारी माणसे वाईट नसतात. त्यांच्यासमोर परदेशी किंवा परप्रांतीय मंचाची मागणी असते, जशी नॉर्डिस्कसमोर बर्लिनची होती. आणि चित्रपट लोकांपर्यंत नेण्याचे दार त्या मंचाच्या ताब्यात असते. तो आज दहा मराठी चित्रपट घेईल, उद्या एकही घेणार नाही, आणि त्याला कारण विचारण्याची सोय नाही. जर्मन सरकारने निदान मोबदला तरी दिला होता.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. देहूच्या वाण्याची, भंडाऱ्याच्या डोंगराची, अभंगाची गोष्ट प्रभात फिल्म कंपनीने १९३६ मध्ये मराठीतच सांगितली, आणि दामले-फत्तेलालांचा तो 'संत तुकाराम' पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्या चित्रपटाचा कणा कुणी परदेशी प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून घडवला नव्हता. पण हे उदाहरण देऊन मी थांबलो तर ते अर्धेच सत्य होईल, कारण चांगल्या चित्रपटांनी प्रभातही वाचली नाही. माणसे तिथूनही गेली, १९४२ मध्ये शांतारामबापू गेले, आणि कंपनी १९५३ मध्ये बंद पडली. धोका दोन बाजूंनी असतो. विषय पुसट होतात तो एक. घडवणारी माणसे टिकत नाहीत तो दुसरा. नॉर्डिस्कने दोन्ही धोके स्वखुशीने पत्करले, आणि दोन्हींना व्यवसायाची शिस्त म्हटले. आज एखादी मराठी निर्मितीसंस्था मोठा करार करते तेव्हा पैशाच्या आकड्याआधी तिने विचारायला हवे: मूळ प्रत कुणाकडे राहणार, करार संपल्यावर चित्रपट दाखवण्याचा हक्क कुणाचा, आणि ज्या दिग्दर्शकाने, ज्या लेखकाने आम्हाला इथवर आणले त्याच्या पुढच्या, कदाचित न चालणाऱ्या, चित्रपटासाठी आम्ही काय बाजूला ठेवले आहे.

मूळ प्रतीचा प्रश्न तर जीवन-मरणाचा आहे. डॅनिश मूक कथापटांपैकी साधारण पाचवा हिस्सा आज शिल्लक आहे. कंपन्यांच्या लेखी जुना चित्रपट म्हणजे अडगळ होती, नायट्रेटची फिल्म कुजते आणि पेट घेते. जे उरले ते पुढे जागरूक माणसांमुळे. १९४१ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनमध्ये चित्रपट संग्रहालय सुरू झाले. मार्गेरिट एंगबर्ग या विदुषीने दशकानुदशके एकेका चित्रपटाची नोंद केली, तुकडे जुळवले. गेल्या काही वर्षांत डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटने उरलेले मूकपट डिजिटल करून सर्वांना पाहायला खुले केले. म्हणूनच हा लेख लिहिता आला. तरीही नॉर्डिस्कविषयी आपण जे बोलतो ते एकपंचमांशावरून बोलतो, याचे भान ठेवावे लागते. उरलेल्या चार भागांत एखादा धाडसी चित्रपट असू शकेल. आपल्याकडची स्थिती याहून बिकट आहे: तेराशेच्या आसपास भारतीय मूकपट निघाले, त्यांतले पूर्ण वा अर्धवट मिळून तीसच्या आसपास उरले, आणि पुण्यात २००३ च्या जानेवारीतल्या आगीत नायट्रेटच्या कितीतरी फिती खाक झाल्या. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' आपल्याला आता फक्त वर्णनातून माहीत आहे. शेतकऱ्याच्या कर्जावरचा चित्रपट १९२५ मध्ये महाराष्ट्रात काढला गेला होता, आणि तो दाखवायला आज आपल्याकडे नाही.

ओल्सेनने १९२४ मध्ये कंपनी सोडली. त्याआधीच्या वर्षांत ए. डब्ल्यू. सँडबर्गने डिकन्सच्या कादंबऱ्यांवर देखणे चित्रपट काढून नॉर्डिस्कची जुनी पत परत मिळवण्याचा प्रयत्न केला होता, पण तोही परदेशी प्रेक्षकाकडे पाहूनच. इंग्लंडने त्यांना हात दिला नाही. १९२८ च्या दिवाळखोरीनंतर कंपनी दुसऱ्या मालकाने उभी केली. डॅनिश भाषेतला तिचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट १९३१ मध्ये आला: 'व्हेल्बीचा धर्मोपदेशक', स्टेन स्टेन्सन ब्लिकरच्या कथेवरचा. युटलंडमधले एक खेडे, सतरावे शतक, एका धर्मोपदेशकावर आलेला खुनाचा आळ. शेतकरी, इतिहास, राष्ट्रीय साहित्य आणि चर्च, सारे त्यात होते.